निरोगी माणसाची काच

आमचे हे अमरावतीहून शिकून आले आणि जेवताना बेडक्याच्या गोष्टी सांगायला लागले. बेडका घट्ट असावा, नुसती लाळ चालत नाही, सकाळी उठल्याबरोबरचा पहिला मिळाला तर फार उत्तम. मी भाजीची पळी हातात धरून तशीच उभी राहायची. माणसानं शिकू नये असं मी म्हणत नाही. पण ताटावर बसल्यावरच ती विद्या बाहेर काढायला पाहिजे का?

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण हकिगत सांगायची तर एकदा घेऊन टाकते. श्रावण. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी आमचं लग्न झालं. हे अकोटच्या बाजूच्या एका गावात सरकारी दवाखान्यात तपासनीस होते, म्हणजे मलेरियाचं रक्त काचेवर घेऊन दुर्बिणीत पाहायचे. त्यांच्या घराण्यात सरकारी नोकरीला लागलेला हा पहिला माणूस, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी ते कलेक्टरच होते. दवाखान्याच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यात आम्ही दोघं, माझ्या सासू दुर्गाबाई आणि आमची शालू. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचं, तसंच मी म्हणत असे.

शालू सात महिन्यांची होती. तिच्याआधीची दोन पोटातच गेली होती. लोकांनी मला वांझ म्हणायचं तेवढंच बाकी ठेवलं होतं. त्यामुळे ही हाताला लागली तेव्हापासून मी तिला खाली ठेवायला तयार नसे. झोपली तरी नाकाखाली बोट धरून श्वास पाहायची. हे मला हसायचे, आणि मी गेल्यावर गुपचूप स्वतःही बोट धरून पाहायचे. मी दाराच्या फटीतून बघितलंय.

तर ती अमरावतीची शाळा. सरकारनं क्षयाचं नवं काम काढलं होतं. आता रोग्याला दूरच्या इस्पितळात पाठवायचं नाही, गावातच ओळखायचं आणि घरी ठेवून वर्ष-दीड वर्ष गोळ्या द्यायच्या. त्यासाठी वऱ्हाडातल्या दवाखान्यांतून जोडीजोडीनं माणसं बोलावली, एक कंपाउंडर आणि एक तपासनीस. आमच्याकडून कंपाउंडर नत्थुजी आणि हे गेले. तिथे दोन वर्ग होते. गोळीवाल्यांचा एका खोलीत, काचवाल्यांचा दुसऱ्या. गोळीवाल्यांना शिकवलं की रोग्याला धीर कसा द्यायचा, बरं वाटलं म्हणून दोन महिन्यांत गोळ्या सोडणाऱ्याला घरी जाऊन कसं वळवायचं. काचवाल्यांना बेडका काचेवर पसरायला शिकवलं. त्यावर लाल रंग ओतायचा, खालून दिव्यानं वाफ आणायची, तेजाबानं धुवायचं आणि मग निळा रंग द्यायचा. क्षयाचा जंतू मेणचट असतो म्हणे. एकदा लाल रंग धरला की तेजाबालाही दाद देत नाही. बाकी सगळं निळं होतं आणि तो तेवढा लाल राहतो, बारीक काडीसारखा. या खोलीत काय शिकवलं ते त्या खोलीला माहीत नाही, आणि विचारायची कोणाला गरजही वाटली नाही. संध्याकाळी खानावळीत दोघं भेटले की भाजीच्या तिखटावर बोलायचे.

काचवाल्या मास्तरांनी यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. रोग्यांच्या काचांबरोबर एक काच निरोगी माणसाची करायची. ती निळी निघाली की समजायचं, रंग बरोबर बसला. आता गावात निरोगी माणसाचा बेडका मागायचा कोणाला? शिपायाला मागितला तर तो दोन दिवस कामावर आला नाही. शेवटी ते संकट माझ्यावर आलं.

"इंदू, उद्या सकाळी उठल्याबरोबर या डबीत खोकून देजो," हे म्हणाले.

"कावून? मले काय झालं?"

"काई नाई झालं म्हनूनच पाह्यजे. निरोगी मानूस घरात असतानी बाहेर कावून मांगू?"

आत्याबाई कोपऱ्यात तंबाखू चोळत बसल्या होत्या. "आता हेच पाहाचं राह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "लोकाइचे पोरं नोकरीवर खुर्चीत बसतेत. माह्या पोराची नोकरी बायकोच्या थुंकीवर!" आणि स्वतःच्याच बोलण्याला इतक्या हसल्या की खोकला लागला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी डबी भरून दिली आणि कामाला लागले.

त्या दुपारी हे जेवायला आले नाहीत. मी दोनदा दारात जाऊन आले. उन्हं उतरल्यावर आले ते अंगणातच उभे राहिले. शालू माझ्या अंगावर पीत होती. हे माझ्याकडे बघेनात, तिच्याकडेच बघत होते.

"पोरीले मायपाशी दे," म्हणाले.

"पिऊन राहिली नं."

"मी म्हनतो, दे."

आवाज चढवणारा माणूस नव्हता हा. मी घाबरून शालूला पदराखालून काढलं. तिनं टाहो फोडला. यांनी तिला उचललं, आत नेऊन आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर येऊन हात धुतले. साबणानं, कोपरापर्यंत. मग माझ्यापासून दोन हातांवर ओट्यावर बसले. माझं काय चुकलं, कोणी काय सांगितलं यांना, मी माहेरी जाताना कोणाशी बोलले, काय काय येऊन गेलं मनात. मी म्हटलं, एकदाचं बोला तरी, नाहीतर मी आत्ता विहिरीवर जाते.

"तुह्या काचेत लाल काड्या हायेत," हे म्हणाले.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं.

क्षय म्हणजे काय ते मला कोणी अमरावतीला जाऊन सांगायची गरज नव्हती. माझी मोठी बहीण मैना बार्शीटाकळीला दिली होती. ती या रोगानं गेली तेव्हा सुई-गोळ्या गरिबाच्या आसपास नव्हत्या. तिची खाट गोठ्यात टाकली होती. मी भेटायला गेले तेव्हा ती मला दुरूनच म्हणाली, तिथेच थांब, आणि मी थांबले. पण ते मला तितकं लागलं नाही जितकं पुढचं लागलं. तिचं पोर अंगावरचं होतं. मैनाच्या आधी ते गेलं. आधी नुसतं किरकिर करायचं, संध्याकाळी अंग कोमट लागायचं. दात येत असतील म्हणाले सगळे. मग ताप डोक्यात गेला, मान ताठ झाली, डोळे वर गेले. त्या पोराला रोग आईकडून लागला हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि मैनालाही. ती त्यानंतर खोकायचं म्हटलं तरी तोंडात पदर कोंबायची. आता कशाला, असं कोणी म्हणालं नाही तिला.

मी यांना एकच विचारलं. "शालूले लागलं असन का?"

"नाई," हे म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले की मला सगळं कळलं.

गंमत बघा. आता आमच्याच दवाखान्यातून लोकांना सांगणार होते, घाबरू नका, भांडीकुंडी वेगळी करू नका, माणसाला वाळीत टाकू नका. नत्थुजी तर तेच शिकून आले होते, ते दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पुडी घेऊन आले आणि शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणून दाखवलं: "इंदूबाई, हा रोग बरा होते. घाबराचं काम नाई. फक्त गोळी चुकवाची नाई." बिचारे मनापासून बोलत होते. पण तो धडा आमच्या घरात आला तो ओट्यावरच थांबला. यांनी माझं ताट-तांब्या वेगळं केलं, माझी खाट बाहेरच्या खोलीत टाकली आणि शालूला आत आत्याबाईंजवळ दिली. मी एका शब्दानं विरोध केला नाही. उलट मीच म्हटलं, मधल्या दाराला पडदा लावा, ती मला बघते आणि रडते.

आत्याबाईंनी मात्र पदर खोचला. मला वाटलं होतं, ओरडतील, माझ्या माहेराचा उद्धार करतील. तसं काही नाही. म्हणाल्या, "तू गोळ्या खाय आन् गप पडून राह्य. पोरगी माह्यावर सोड. पाच वाढवले म्या, हे सहावी." शेळी बांधली दारात. बोंडल्यानं दूध पाजायला लागल्या. भाकरीचा घास स्वतः चावून मऊ करायच्या आणि तिच्या तोंडात घालायच्या, आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या तसंच करतात. रात्री छातीशी घेऊन झोपायच्या. पडद्याआडून मला त्यांचं थापटणं ऐकू यायचं, मधूनमधून खोकणं, मग पुन्हा थापटणं. मी मनात म्हणायची, या बाईला मी किती बोल लावले आजवर, आणि आज हीच माझं लेकरू वाचवते आहे.

माझं दूध पहिले काही दिवस वाहत राहिलं. चोळी भिजायची. शालू आत रडली की आपोआप पान्हा फुटायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायची. मग हळूहळू तेही आटलं. ज्या दिवशी चोळी कोरडी राहिली त्या दिवशी मी पहिल्यांदा ढसाढसा रडले. रडले तेही तोंडात पदर कोंबून, मैनासारखी.

डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावून पाहिली होती. म्हणाले, आवाज तर साफ आहे, पण काचेत दिसलं म्हणजे गोळ्या सोडायच्या नाहीत. यांनी पुन्हा काच केली, ती निळी निघाली. तिसरी केली, तिच्यात परत लाल. एकदा आहे, एकदा नाही, परत आहे. ती मधली निळी काच मला फार छळायची. नुसतं आहे म्हटलं असतं तर मी मन मारून बसले असते. यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. दवाखान्यातून येताना अंगणात थांबायचे, आतल्या खोलीतून शालूचा आवाज आला की मग पुढचं पाऊल टाकायचे.

आणि एके दिवशी आत्याबाई पडद्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोरगी आज किरकिर करून राहिली. आंग कोमट लागते. दात येत असतीन."

हे खाली बसले होते ते उठून आत गेले, शालूच्या मानेखाली हात घालून तिची मान हलवून पाहिली. हलत होती. मी पडद्याच्या या बाजूला उभी राहून विचारलं, "हालते का? मान हालते का?" दोनदा विचारलं. हे म्हणाले, हालते. दुसऱ्या दिवशी तिला काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत कोमट. मी हिशेब करायची, आपल्या अंगावर ती शेवटची कधी प्यायली, त्या दिवशी आपण तिच्या तोंडावर खोकलो होतो का, शिंकलो होतो का. मुका घेतला होता हे मात्र नक्की आठवायचं. किती घेतले होते त्याची गणतीच नव्हती.

अशात एक दिवस मी गोळ्या आणायला दवाखान्याच्या मागच्या दारानं गेले. पुढून जायची मला लाज वाटायची. मागे निंबाखाली नत्थुजी बसले होते. समोर घमेलं, त्यात सोड्याचं गरम पाणी, बाजूला राख. औषधाच्या बाटल्या धुऊन उपड्या टाकल्या होत्या, आणि पोत्यावर उन्हात काचेच्या पट्ट्या ओळीनं वाळत होत्या. लख्ख. माझ्याशी सरळ बोलणारी गावात माणसं कमी उरली होती, म्हणून मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"लय चकचक करता तुमी काचा, नत्थुजी."

"मंग!" ते खूश झाले. "मलेरियाच्या काचा म्या आशाच धुतल्या इतके साल. एक फुटू देली नाई. आता ह्या बेडक्याच्या. नव्या याले किती महिने लागतीन कोन जाने. सरकारचा माल हाय, फेकाचा कसा?"

मी गोळ्या घेतल्या आणि घरी आले. दुपारी हे आले तेव्हा ताट दुरून सरकवताना मी सहज म्हटलं, "नत्थुजीच्या हाताले सफाई लय हाय. बेडक्याच्या काचा नव्यावानी करून टाकते मानूस."

यांचा घास हातात राहिला.

"काय करते?"

"काचा धुते. सोड्यानं. परत वापराले."

हे ताटावरून उठले. चप्पल घालायचंही भान नव्हतं. मी मागे धावले, काय झालं, काय झालं करत. दवाखान्यात दुपारी कोणी नसायचं. यांनी नत्थुजींना उठवलं आणि काचांचा डबा पुढ्यात ठेवून विचारलं, यात धुतलेल्या किती, नव्या किती. नत्थुजी म्हणाले, आता सगळ्या धुतलेल्याच, पहिला पुडका केव्हाच सरला. त्यांना कळेना, हा माणूस असं का विचारतो. अमरावतीच्या मास्तरांनी काचवाल्यांना बजावलं होतं, ही काच एकदा वापरली की मोडून पुरायची, मेणचट जंतू धुण्यानं जात नाही. गोळीवाल्यांच्या खोलीत हे कोणी सांगितलं नव्हतं. काचा धुणं आमच्या दवाखान्यात पहिल्यापासून नत्थुजींचं काम, आणि यांना काच डब्यातून स्वच्छ मिळायची, तेव्हा ती कुठून आली हे विचारायचं यांच्याही डोक्यात आलं नाही.

यांनी मला कोंबडीचं अंडं आणायला सांगितलं. अंड्यातलं पांढरं धुतलेल्या काचेवर पसरलं, लाल रंग, वाफ, तेजाब, निळा रंग. मी आणि नत्थुजी भिंतीला टेकून उभे. हे दुर्बिणीत बघत राहिले. मग एक काच, मग आणखी एक. तिसऱ्या काचेवर थांबले आणि म्हणाले, "नत्थुजी, कोंबडीले क्षय झाला."

नत्थुजी मटकन खाली बसले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माझ्याकडे हात जोडून बघत होते, म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले होते. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगते, त्यावेळी मला कोणाचाच राग आला नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं: ते लाल दुसऱ्याचं होतं. माझं नव्हतं. मी माझ्या लेकराला काही दिलं नव्हतं.

"अजून हसू नोको," हे म्हणाले. "नव्या काचा आनतो, मंग पाहू. आन् ज्याइले ज्याइले म्या रोगी म्हटलं त्याइचंही पाहा लागन." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते अकोल्याला गेले आणि वरच्या साहेबांच्या हातापाया पडून नव्या काचांचा पुडका घेऊन आले. पुडका यांनी माझ्यासमोर फोडला. काचांच्या मधला कागदही तसाच होता.

परत सकाळी मी डबी भरून दिली. आता मी संशयित झाले होते, म्हणून निरोगी माणूस दुसरा लागत होता. यांनी डबी आत्याबाईंपुढे धरली.

"माय, आता तू दे."

"झालं! सुनेची झाली, आता सासूची पारी!" आत्याबाई शालूला कडेवर घेऊनच ओरडल्या. "उद्या शेयीच्या तोंडापुढं डबी धरजो." पण दिला. त्यांना काय, खोकायची वानवा नव्हती. मी तर त्या सकाळी हवेतच होते. मनात म्हणत होते, आज संध्याकाळी ती माझ्या कुशीत झोपेल. दूध राहिलं नाही तर नाही. नुसती कुशीत झोपेल.

मी यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. माझी काच मला माझ्या डोळ्यांनी पाहायची होती. यांनी सगळं करून दुर्बीण लावली, स्वतः पुष्कळ वेळ पाहिलं, एकदा माझ्याकडे बघितलं, परत पाहिलं. मग बाजूला झाले. "ये," म्हणाले. "एक डोया मीट."

निळं होतं. नीळ घातलेल्या धुण्याच्या पाण्यासारखं, कुठे गडद, कुठे फिकं, पण निळंच. हे काच सरकवत राहिले आणि मी पाहत राहिले. लाल काही नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तेही दिसेनासं झालं. हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला होता. तेही रडत होते, आणि हसत होते.

"आता मायची पाह्य," हे म्हणाले. "तूच पाह्य आंधी. निरोगी मानसाची काच कशी असते ते पाहून घे." त्यांनी काच बदलली, तेलाचा थेंब टाकला.

मी डोळा लावला. निळं दिसलं. आणि त्या निळ्यावर लाल दिसलं. बारीक, किंचित वाकडं. त्याच्या बाजूला आणखी एक. मग झुबकाच होता, एकात एक गुंतलेला.

"यात लाल हाय," मी म्हटलं.

"रंगाचा कन असन," हे हसत म्हणाले. "सरक."

ते वाकले. हसणं तोंडावर होतं तसंच राहिलं. स्क्रू फिरवला, काच सरकवली, परत सरकवली. मी विचारलं, "नवीच काच हाय नं?" त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "धुतलेल्यातली तर आली नाई नं?" मी परत विचारलं. आपल्याच नवऱ्याच्या तोंडून, हो, चुकलं, धुतलेलीच घेतली, एवढं ऐकायला माझा जीव कासावीस झाला होता.

"तुह्यासमोर पुडका फोडला," हे म्हणाले. "सगळी काच भरली हाय, इंदू. जितं पाहा तितं."

मला एकदम सगळं दिसलं. महिनाभराच्या रात्री. छातीशी घेऊन झोपणं. पडद्याआडचा खोकला, जो मी रोज ऐकत होते आणि ज्याला कोणी खोकला म्हणतच नव्हतं, आत्याबाईंचा आवाज म्हणायचं त्याला. धडधाकट आईजवळून लेकरू ओढून आम्ही कुठे नेऊन ठेवलं होतं!

मी धावत सुटले. रस्त्यानं लोक बघत होते, क्षयवाली पळते म्हणून बाजूला होत होते. अंगणात उन्हाला आत्याबाई बसल्या होत्या, मांडीवर शालू. आत्याबाईंचं तोंड हलत होतं. त्यांनी चावलेला घास बोटावर काढला, फुंकर घातली आणि शालूनं चिमणीसारखा आ वासला.

मी तो हात झटकला आणि शालूला उचलून घेतलं. घास मातीत पडला. शालू मला विसरली होती. एक महिना म्हणजे तिच्यासाठी केवढा! ती किंचाळली, तिनं माझ्या तोंडावर हात मारले आणि वळून आजीकडे दोन्ही हात लांब केले. तिचं अंग माझ्या गळ्याला लागलं ते कोमट होतं.

"अवं, ठेव तिले खाली!" आत्याबाई धडपडत उठल्या. लुगडं सावरायचंही भान नव्हतं त्यांना. "डोकं फिरलं का तुहं? तुहा आजार लागन तिले! दे, इकडे दे! श्रावण, पाह्य रे बाप्पा, हे काय करून राहिली! मारन हे पोरगीले!"

हे मागून धापा टाकत आले होते आणि दारातच थांबले होते. आत्याबाईंच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला ओळखीचं होतं. महिनाभर माझ्या पोटात बसलेली तीच भीती होती, तेवढीच खरी. त्या हात पसरून माझ्याकडे येत होत्या, शालू त्यांच्याकडे झेपावत होती, आणि मी लेकराचं तोंड माझ्या खांद्यात दाबून एकेक पाऊल मागे सरकत होते.